कंडक्टरीण कोणाची

४ जानेवारी

दादा,

पत्राच्या डोक्यावर तुला नमस्कार लिहायची सवय आज मोडते आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू 'बघू', 'करू' म्हणतोस आणि महिन्याभराने 'मी असं कुठे म्हणालो?' असं विचारतोस. मला हे कागदावर हवं आहे.

परवा रजिस्टर पोस्टाने एक नोटीस आली. मी कापडछपाईच्या कारखान्यात होते. आईने सही करून ती घेतली आणि दुधाच्या पिशवीखाली ठेवली, त्यामुळे पहिलं पान ओलं झालं. तरी वाचता आलं. एका कंपनीचं म्हणणं आहे की आखाडा त्यांचा. 'आखाडा ही मारामारीच्या खेळांची संगणकप्रणाली आणि तिच्यासोबतचे सर्व नमुने, चित्रे व ध्वनी' त्यांच्या मालकीचे. त्यातली 'कंडक्टरीण' ही व्यक्तिरेखा मी पंधरा दिवसांत सगळीकडून काढून टाकायची, पुन्हा कधी तिचं चित्र काढायचं नाही, आणि तसं लिहून द्यायचं.

माझी कंडक्टरीण! मी काढलेली, आपल्या आईवरून!

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंकडे गेले. त्या घरमालक-भाडेकरूंची भांडणं लढतात. संगणकावरचा खेळ म्हणजे पत्ते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना म्हटलं, "आखाडा म्हणजे नुसतं रिकामं मैदान. पडदा, घड्याळ, कोणाचा ठोसा कोणाला लागला आणि किती लागला, एवढं त्याला कळतं. भांडणारी माणसं ज्याने त्याने आपापली काढायची आणि आत सोडायची. माझ्या भावाने ते एकवीस वर्षांपूर्वी केलं आणि जगाला फुकट वाटलं."

"आणि ही बाई?"

"ती मी काढली. चारशे बारा चित्रं, ठिपका ठिपका भरून. माझी आई बसमध्ये कंडक्टर होती."

"आईने लाथा मारल्या?" वकीलबाईंनी चष्मा काढला.

मारल्या होत्या ना रे? मी सतरा वर्षांची होते. आई ड्यूटीवरून आलेली, अंगावर गणवेश, खांद्यावर पैशांची पिशवी, आणि मी तिच्या मागे लागलेय, पाय अजून वर घे. तिने ओट्याला धरून लाथ उचलली, तू फोटो काढलेस, आणि ती ओरडली, "आटपा लवकर, दूध उतू जातंय!" पुढे जगभरातली पोरं त्या लाथेवर फिदा झाली. जिंकल्यावर ती समोरच्याला तिकीट फाडून देते, ते तर तुझ्याच डोक्यातून आलं होतं.

नोटिशीत एक वाक्य आहे: 'मूळ निर्मात्याशी अकरा वर्षांपूर्वी झालेल्या करारानुसार.' मूळ निर्माता म्हणजे तू. तू कुठे सही केली आहेस का? हो की नाही, एवढंच कळव.

धाकटी


१३ जानेवारी

चि. छोटीस,

आधी पाणी पी आणि शांत हो. इथे लिफ्टच्या कामात मान वर करायला फुरसत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझा संताप मला समजतो, पण संतापाने कायदा बदलत नाही. मी आखाडा लिहिला तेव्हा त्यासोबत परवानगीची चिठ्ठी ठेवली होती. कोणीही वापरा, पण विकू नका. शेवटच्या आवृत्तीच्या चिठ्ठीत मी मुदतही घातली होती, त्याच्या पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंत. तोवर नवी आवृत्ती येईल असं वाटलं होतं. ती आली नाही. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर गेली सतरा वर्षं जो जो आखाडा चालवतो आहे, तो मुदत संपलेल्या पासावर प्रवास करतो आहे. अशा प्रवाशाचं काय करतात ते आईला विचार.

शिवाय लोक जी मोठ्या पडद्याची आवृत्ती चालवतात ती मी कधी बाहेर काढलीच नव्हती. ती फोडली गेली. चोरीचा माल. आणि लोकांनी आत सोडलं काय? मोठ्या कंपन्यांच्या खेळांतून खरवडून काढलेले पहिलवान. शंभरातले नव्वद तसलेच. कोणी विकत नव्हतं म्हणून कोणी हटकलं नाही, इतकंच. उगाच साधुसंतांचा मेळा असल्यासारखं लिहू नकोस.

माझं ऐकशील तर बाई काढून टाक आणि लिहून दे. एका चित्राने काय होतं? तुझ्या हातात कला आहे, दुसरी काढ.

आईचा गुडघा कसा आहे? मार्चमध्ये यायचं बघतो.

दादा


१९ जानेवारी

दादा,

मी एकच प्रश्न विचारला होता. तू दीड पान इतिहास पाठवलास आणि उत्तर गिळलंस. ठीक आहे. इतिहासच हवा ना? मग तू निघून गेल्यानंतरचा ऐक, कारण तो तुला ठाऊकच नाही.

आधी ते 'मी आखाडा लिहिला' दुरुस्त कर. 'मी' कोण? जाड्या आपल्या माळ्यावर दीड वर्ष मुक्काम ठोकून होता. आई त्याला तिसरं लेकरू म्हणायची, कारण दोन पोरांचं जेवण तो एकटाच संपवायचा. कोणाचा ठोसा कोणाला लागला हे ठरवणारा सगळा भाग त्याचा. तू पडदा आणि चित्रं हलवणं लिहिलंस. मी जिन्यावर बसून तुमची भांडणं ऐकलेली आहेत.

मग एक दिवस तू वेबसाइटला कुलूप लावलंस. वर एक ओळ: 'विश्वासघातामुळे बंद.' संपलं. आणि मागे राहिलेल्यांनी काय केलं माहीत आहे? दोघांनी एकदम वार फेकला की तुझा आखाडा कोलमडायचा. मूळ लिखाण, म्हणजे कोड, तू कोणाला दिलं नव्हतंस. तेव्हा आमच्यातल्या घुबडाने, खेळवाल्यांत हेच त्याचं नाव, तयार फाइल उघडून आतले आकडे एकेक करून बदलून पाहिले, चार महिने, आणि दोष काढला. घुबड रुग्णवाहिकेच्या कार्यालयात फोनवर बसतो. कोणी त्याला पगार देत नव्हतं, कोणी शाबासकी दिली नाही.

मास्तर निवृत्त शिक्षक. त्यांनी अकराशे व्यक्तिरेखा एका जागी सांभाळल्या, आणि प्रत्येकीखाली कोणी काढली, कोणी आवाज दिला, कोणाची परवानगी घेतली, हे लिहून ठेवलं. ज्याने आमच्यातल्या दुसऱ्याचं काही न विचारता उचललं त्याचं काम ते ठेवून घेत नसत. कंपन्यांच्या खेळांतून खरवडून आणलेल्यांपुढे 'उसनी' असं लिहायचे. तुझ्या कायद्याला हा फरक कळत नसेल, मास्तरांना कळत होता. त्यांनाही नोटीस गेली. त्यांनी त्याच दुपारी सगळं उतरवलं. मला फोनवर म्हणाले, "मुली, या वयात कोर्टाची पायरी नको." त्यांचा आवाज ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि घुबड सहा वर्षं नवा आखाडा लिहितो आहे. पहिल्या ओळीपासून स्वतः. जुना खेळ समोर चालवायचा, काय होतं ते बघायचं, आणि तसंच वागणारं नवं लिहायचं. सगळ्यांसाठी उघडं. कंपनी म्हणते की त्याने मूळ लिखाण चोरून उतरवलं. त्याने कधी ते पाहिलंच नाही हे जगात एकच माणूस छातीठोकपणे सांगू शकतो. ज्याच्या कपाटात ते आहे तो.

'एका चित्राने काय होतं' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. तुझ्यावर उपकार केले.

हो की नाही?

धाकटी


२ फेब्रुवारी

छोटी,

हो.

सही केली आहे. त्या वर्षी मी परत आपल्या घरी राहायला आलो होतो ना, ते सात महिने मला नोकरीच नव्हती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. त्या कंपनीने नोकरी दिली ती आखाड्यामुळेच. रुजू होताना कागदांचा गठ्ठा आला, त्यात एक करारनामा होता: आखाडा आणि त्यासोबतचं सगळं मी एकट्याने केलं आहे आणि ते कंपनीला देतो आहे. आता न वाचता सही केली असं सांगून सुटता आलं असतं. मी वाचून सही केली. जाड्याचं नाव लिहायला जागा होती. तुझं लिहायलाही होती. तिथल्या बाई म्हणाल्या, "सहनिर्माते असतील तर त्यांच्याही सह्या लागतील, मग नेमणूक पुढच्या महिन्यावर जाईल." मी म्हटलं, कोणी नाही.

कंडक्टरीण आखाड्यासोबत नमुना म्हणून जात असे, त्यामुळे तीही त्या यादीत गेली. त्या वेळी ते लोक यातून काही करतील असं वाटलं नव्हतं. कागद कुठेतरी फाइलीत कुजतील, एवढंच मानून चाललो.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडून लिफ्टच्या कंपनीत आलो. त्यानंतर त्यांचा माझा काही संबंध नाही. आता ते काय करतात यावर माझा इलाज नाही.

मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. आईला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

आईला सांगितलं.  ती उठली, तुझ्या लग्नातला फोटो भिंतीवर होता तो पुसला, परत टांगला, आणि आत जाऊन पडली. तू समोर असतास तर बरं झालं असतं.

आता दुसरं. वकीलबाईंनी काल नोटीस परत मागवली, उत्तराची मुदत आणखी वाढवून मागायची होती म्हणून. पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या खेळवाल्यांत कोणत्या नावाने आहात?" म्हटलं, 'सुई'. सगळे मला तिथे सुई म्हणूनच ओळखतात. वीस वर्षांत मी माझं खरं नाव कोणाला दिलं नाही, गाव दिलं नाही, घुबडालासुद्धा नाही. "मग यांना तुमचं नाव-घर कसं सापडलं?" बाईंनी विचारलं.

पाकिटावर काय लिहिलं आहे सांगू? 'घर क्रमांक १२, मागचा जिना.' आपल्या घराचा नंबर बदलून नऊ वर्षं झाली. विजेच्या बिलावर सव्वीस आहे, बँकेत सव्वीस आहे. बारा नंबर अजून कोण लिहितो? पोस्टमन मला दरवेळी हसून म्हणतो, "तुमच्या भावाचं पत्र दिसतंय." आणि मागचा जिना! बाहेरच्या माणसाला आपल्या घराला मागचा जिना आहे हेही माहीत नाही.

त्यांचा तुझा काही संबंध नाही म्हणालास. करारनामा अकरा वर्षांपूर्वी झाला, ती एक चूक झाली, पोटासाठी झाली, मी ते कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण हे गेल्या दोन महिन्यांतलं आहे. घुबडाचं नाव, मास्तरांचं नाव, माझं घर. ही यादी कोणी दिली?

तू मला वकिलाच्या हवाली केलंस, दादा? मला?

शपथेवर लिही.


१६ फेब्रुवारी

हो, दिली. मीच दिली!

वर्षभरापासून मी परत त्याच कंपनीत आहे. लिफ्टचं काम कधीच सुटलं. कंपनीला आखाडा मोबाइलवर विकायचा आहे आणि तो पुन्हा उभा करायला त्यांना मी हवा होतो. त्यांनी विचारलं, बाजारात फुकट काय काय आहे, कोण कोण चालवतं. मी नावं लिहून दिली. नुसतं एक पत्र जाईल, लोक गुपचूप काढून टाकतील, असं मला सांगितलं होतं. तुझ्याकडे नोटीस जाणार हे माहीत होतं. वाटलं, तू दचकशील आणि सोडून देशील.

आणि आता तू ऐक, इतके दिवस मी ऐकलं. तुझे ते घुबड आणि मास्तर! मी तेवीस वर्षांचा असताना रोज पन्नास पन्नास अनोळखी लोक मला लिहायचे. हे दुरुस्त कर, ते का नाही केलंस, आळशी, भामटा. फुकट दिलेल्या वस्तूसाठी शिव्या! परीक्षेच्या दिवशीसुद्धा मी उत्तरं देत होतो. शेवटी मोठ्या पडद्याची आवृत्ती केली, ती फक्त पाच जणांच्या हातात ठेवली. हात जोडून सांगितलं, अजून कच्ची आहे, कोणाला देऊ नका. अकराव्या दिवशी ती जगभर झाली. दोष माझे, नाव माझं, आणि हसणारे सगळे.

जाड्याने फोडली ती. दुसरं कोण? त्याला नेहमी घाई असायची. मी त्याला जिन्यावरून खाली ढकललं होतं, हे तुला ठाऊक नसेल. सतरा वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. त्याचं नाव करारनाम्यात का नाही विचारतेस? माझ्या लेखी तो त्याच दिवशी मेला, म्हणून.

माझ्या हातून चुका झाल्या. पण मला विश्वासघात शिकवला तो तुमच्याच मंडळींनी.


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र घेऊन मी बारा दिवस फिरते आहे. कारखान्यात परवा एक नक्षी उलटी लावली आणि दीडशे मीटर कापड वाया गेलं. साहेबांनी विचारलं, घरी काही झालंय का. म्हटलं, झालंय.

ती आवृत्ती जाड्याने फोडली नाही. मी फोडली.

त्या पाचांत मीही होते, हे तू कधी मोजलंसच नाहीस. बहीण म्हणजे घरातली खुर्ची. लहान पडद्यावर कंडक्टरीण उडी मारायची तेव्हा तिचं डोकं वर कापलं जायचं. मी तुला चार वेळा सांगितलं, तू म्हणायचास, "बघतो." म्हणून नवी आवृत्ती मिळाली तशी मी ती घुबडाला दिली, उडी बसवून दे म्हणून. कोणाला देऊ नकोस असं सांगितलं होतं. त्याने फक्त एका मित्राला दिली. तोही कोणाला देऊ नकोस असंच सांगून. पुढचं तुला माहीत आहे.

आणि जाड्या जिन्यावरून पडला ते मला ठाऊक आहे. मी वरच्या पायरीवर उभी होते. तो खाली बसून कोपर धरून म्हणत होता, "आईशपथ, मी नाही रे." माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं, मग आठवड्याने, मग तू शहर सोडून गेलास. नंतर तर सांगायची सोय उरली नाही.

तू मला विकलंस म्हणून मी दोन महिने आरडाओरडा करते आहे, आणि मी जाड्याला फुकटात विकला होता.

माफी मागत नाही. तुझी मागायची माझी तयारी नाही, कारण माझा राग अजून तसाच आहे. जाड्याची मागायची आहे. तो पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवतो, असं मास्तरांकडून कळलं. तलावाचा पत्ता मागे लिहिला आहे, तुझ्या शहरातलाच आहे. पण आधी तू जा. ढकललंस तू.

आणि वकीलबाई एक म्हणाल्या ते लिहून ठेवते. दोघांनी मिळून केलेली वस्तू एकाच्या सहीने विकली जात नाही. जाड्याने कुठेही सही केलेली नाही.

धाकटी


२१ मार्च

छोटी,

दोनदा तलावाच्या फाटकावरून परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो. क्लोरिनचा वास, ओल्या फरशा, आणि पलीकडच्या काठावर शिट्टी गळ्यात घालून जाड्या. तो आता जाड्या राहिलेला नाही, काडी झाला आहे. त्याने मला लगेच ओळखलं. शिट्टी वाजवली नाही, पण पाण्यातली सगळी मुलं थांबली.

"चप्पल काढ," तो म्हणाला. "इथे चप्पल चालत नाही."

मी काढली. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं, कारण माझ्या तोंडाने मला सांगता आलं नसतं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. ओल्या अंगठ्याने शाई फुटली.

"ती पोरगी वर उभी होती, मला दिसली होती," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तिला काय केलं असतंस?"

 मग मी करारनाम्याचं सांगितलं. मी एकट्याने केलं असं लिहून दिल्याचं. तेव्हा मात्र तो भडकला. मुलांसमोर ओरडला, "जिना मी विसरलो! माझं कोपर अजून सरळ होत नाही, तरी विसरलो! पण ठोसा कुठे लागला हे मोजायला मी तीन वेळा परीक्षा बुडवली होती, आणि तू लिहून देतोस, कोणी नाही?" त्याने मला धक्का दिला. मी कपड्यांसकट पाण्यात पडलो. काठाशी उथळ होतं, पण पोरं हसली. मी बाहेर येईपर्यंत त्याने एक टॉवेल फेकला होता, तोंडावर.

सोबत दोन प्रतिज्ञापत्रांच्या नकला आहेत. एक त्याचं: आखाड्याचा अर्धा भाग त्याचा, तो त्याने कोणाला दिलेला नाही, त्याच्याकडे त्या काळच्या तारखांसकट सगळं जपलेलं आहे. दुसरं माझं: करारनाम्यात मी खोटं लिहिलं, कंडक्टरीण संपूर्णपणे माझ्या बहिणीने काढली, आणि आखाड्याचं मूळ लिखाण आम्हा दोघांच्या आणि नंतर कंपनीच्या बाहेर कधी गेलं नाही, त्यामुळे घुबडाने ते पाहिलेलं असणं शक्य नाही.

मूळ कागद मी काल कंपनीत स्वतःच्या हाताने दिले. साहेबांनी विचारलं, "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" मी म्हटलं, कळतो. माझा पास तिथेच काढून घेतला. आता ते माझ्यावर खोटं लिहून दिल्याचा दावा लावतील किंवा लावणार नाहीत.

तू माफी मागत नाहीस ते बरं आहे. मलाही सध्या ती पेलणार नाही.

दादा


३० एप्रिल

दादा,

कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळींचं. कंडक्टरणीवरचा दावा सोडला. घुबडाच्या नव्या आखाड्यावरचाही सोडला. त्यांची चूक झाली असं कुठेही लिहिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "असं लिहिणारी कंपनी मी अजून पाहायची आहे."

पण जुना आखाडा लटकला. अर्धा कंपनीचा, अर्धा जाड्याचा. जाड्याच्या सहीशिवाय त्यांना विकता येत नाही आणि त्यांच्या सहीशिवाय जाड्याला वाटता येत नाही. एकवीस वर्षं जगभर चाललेली वस्तू आता कोणाचीच नाही. घुबडाला हे सांगितलं तर तो हसला. मास्तरांनी अकराशेंपैकी जवळजवळ शंभर परत वर चढवल्या, ज्यांनी त्या स्वतः काढल्या त्यांच्याच. उसन्या हजार कायमच्या गेल्या. त्यावरही मला राग आहे, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

रविवारी मी तलावावर गेले होते. जाड्याशी काय बोलले ते तुला सांगणार नाही.

तुझ्याशी माझं बोलणं संपलेलं आहे असं समज. निदान सध्या. आईने याच पाकिटात तिचा कागद घातला आहे, तो मी वाचलेला नाही.

धाकटी


त्याच पाकिटातला दुसरा कागद

चिरंजीवास,

आशीर्वाद आहेत, पण आज ते हातचं राखून देते आहे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. धाकटीने ती वकीलबाईंसाठी फाइलीत लावली होती, फाइल टेबलावर होती, आणि मी तीस वर्षं लोकांचे पास तपासलेली बाई आहे. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही.

वाचनालयात सात महिने डबा खात बसलास. तो डबा मी भरत होते. मला विचारलं असतंस तर मी दोन डबे भरले असते आणि तुझ्याशेजारी येऊन बसले असते. हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कंपनीचं, करारनाम्याचं नंतर बघू. त्या पोराला तू जिन्यावरून ढकललंस आणि मला सांगितलंस की तो गावी गेला. धाकटीने वर उभं राहून पाहिलं आणि तीही माझ्यापाशी हूं की चूं बोलली नाही. दोघांनी मिळून माझं तिसरं लेकरू घालवलंत आणि सतरा वर्षं मी त्याला कृतघ्न समजत राहिले. याचा कुठे दावा लावता येतो का, ते वकीलबाईंना विचारणार आहे.

तो परवा इथे येऊन गेला. जेवला, पण पूर्वीसारखा नाही. अर्ध्यावर उठला. मला फार वाईट वाटलं.

आता तुझ्याबद्दल. सूनबाईचा फोन आला होता, नोकरी गेल्यापासून तू खिडकीशी बसून असतोस म्हणाली. हे चालणार नाही. धाकटीने तुझ्या खोलीत कापडांचे नमुने रचले आहेत, त्यामुळे तुला बाहेर सतरंजीवर झोपावं लागेल. ती पहिले चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही, पाचव्या दिवशी भांडेल. भांडू दे. मधे पडू नका असं मी शेजाऱ्यांना सांगून ठेवते.

मी अजून तुझ्यावर रागावलेलीच नाही. पत्रात ते जमत नाही, मध्येच शाई संपते. शनिवारच्या गाडीने ये आणि समोर बस.

आई